फोटोत काही नाही

उजवा खांदा दुखतो म्हणून मी सोनोग्राफीला गेले, आणि उजव्याचं बघून झाल्यावर डॉक्टरांनी डाव्यालाही जेल लावलं. मी म्हटलं, "डॉक्टर, डावा चांगला आहे." ते म्हणाले, "असू दे, दोन्ही बघितलेलं बरं." मी स्टुलावर बसलेली, एका हातानं पदर सावरत, ब्लाउजची बाही वर गुंडाळलेली, अंगावर एसीचा गारठा. उजव्या खांद्यावर प्रोब फिरत होता तोवर ते काही ना काही सांगत होते. हे हाड, हा त्याच्यावरनं गेलेला टेंडन, स्नायू हाडाला बांधणारी दोरी, ही वरची काळी रेघ म्हणजे बर्सा, जरा सुजलीय. डाव्यावर आले आणि गप्प झाले. प्रोब एका जागी थांबला, जरा पुढं, जरा मागं, परत तिथंच. बटणाची टकटक झाली, पडद्यावर दोन बारीक फुल्या उमटल्या आणि त्यांच्यामध्ये तुटक रेघ. "ह्या खांद्याला काही त्रास नाही?" नाही. "कधी पडलाबिडला होतात?" नाही. "हं," म्हणाले आणि टिश्यूपेपर माझ्या हातात दिले. रिपोर्ट आला तो असा: उजवीकडं टेंडन अखंड, थोडा जाडसर, बर्साला सूज. डावीकडं सुप्रास्पायनेटसला, म्हणजे हात बाजूनं वर उचलणाऱ्या स्नायूच्या टेंडनला, पार्शल टेअर, अर्धवट फाट. म्हणजे जो खांदा मला रात्रभर झोपू देत नव्हता तो धड होता, आणि ज्या कुशीवर मी निवांत पडत होते तो फाटलेला.

हे काही मला पचेना.

उजव्याचं दुखणं उन्हाळ्यात सुरू झालं. वर्षाची चटणी करून झाली, बरण्या भरल्या, फडकं बांधलं आणि पहिली बरणी वरच्या फळीवर ठेवताना खांद्यात जी चमक आली ती तिथंच मुक्कामाला राहिली. आधी वाटलं, भरून आलाय, जाईल. मग वेणी घालताना हात मागं जाईना. दोरीवर कपडे टाकताना निम्म्यात थांबायला लागलं. गंमत अशी की हात खाली असला तर काही नाही आणि पूर्ण वर, डोक्याच्या वर गेला तरी फारसं काही नाही. बाजूनं हात वर नेताना मधला जो पट्टा आहे, खांद्याच्या जरा खालपासून कानापर्यंतचा, तेवढ्यातच जीव जायचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेले त्यांनी नेमका तोच पट्टा विचारला. साठ अंशांपासून एकशेवीस अंशांपर्यंत, असं त्यांनी कागदावर लिहिलंसुद्धा. मग माझा हात धरून कोपरात वाकवला, आतल्या बाजूला फिरवला, आणि मी ओरडले. "इम्पिंजमेंट," म्हणाले. खांद्याच्या गोळ्यावर खवाट्याच्या हाडाचं एक टोक छपरागत आलेलं असतं, ॲक्रोमियन. गोळा आणि ते टोक यांच्यामधल्या फटीतनं सुप्रास्पायनेटसचा टेंडन जातो. त्याच्यावर बर्सा असते, घासू नये म्हणून निसर्गानं ठेवलेली पातळ पिशवी. हात वर नेताना फट कमी होते, आतलं चिमटतं. तीस वर्षं फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात नेऊन सुविचार आणि तारीख लिहिणाऱ्या बाईला हे लगेच पटलं. कारण मिळालं की निम्मं दुखणं जातं, असा माझा तोवरचा अनुभव.

एक्स-रे आधी काढला होता. टेक्निशियन पोरगेलासा, कानात एक बाळी, पण हात अनुभवी. मला छाती पाट्याला लावून तिरकी उभी केली, जरा वळा, अजून जरा, आता बास, आणि नळी वरनं थोडी खाली झुकवली. ह्या कोनातनं खवाटा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा दिसतो आणि ॲक्रोमियनचा खालचा उतार नीट कळतो. तो सपाट आहे, वाकडा आहे की पुढं आकड्यागत वळलाय, हे त्याच्यावरनं ठरवतात. १९८६ मध्ये बिग्लियानी आणि त्याच्या सोबत्यांनी मृतदेहांचे खांदे तपासून हे तीन प्रकार पाडले, आणि आकडा असलेल्या खांद्यांत टेंडन फाटलेले जास्त सापडले. माझा दुसरा प्रकार, वाकडा. रिपोर्टात खाली एक मापही होतं: गोळा आणि ॲक्रोमियन यांच्यातलं अंतर ९ मिलिमीटर. सातच्या खाली गेलं की टेंडन गेला असावा अशी शंका घेतात. म्हणजे मी पास.

हा कागद बापूनं वाचला. बापू माझा धाकटा भाऊ, शिवाजी उद्यमनगरात टर्नर. आयुष्य लेथवर गेलं, त्यामुळं मिलिमीटर दिसला की त्याचा चेहरा बदलतो. चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाजवळ धरला. "नऊ एमएम म्हणजे लई जागा झाली की, आक्का." मग थांबला. "पण हे मोजलंय कवा? हात खाली सोडून उभी होतीस न्हवं?"

"व्हय."

"आणि दुखतंय कवा?"

"वर नेताना."

"मग? लोड नसताना माप घेऊन काय करायचं? मशीन बंद असताना सगळंच बरोबर असतंय."

मी हसले, पण ही शंका अगदी बरोबर आहे, हे नंतर त्याच्या मुलीनं सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. एक्स-रे काढताना माणूस उभा असतो, हात सोडलेला. एमआरआयला तर उताणं झोपवतात, हात अंगालगत. खांदा ज्या हालचालीत ओरडतो ती हालचाल त्या चित्रात नसतेच. उभं राहून घेतलेलं अंतर आणि झोपवून घेतलेलं अंतरसुद्धा एक येत नाही. म्हणून इम्पिंजमेंटसाठी सोनोग्राफीला एक वेगळी किंमत आहे, तिथं हात हलवून बघता येतं. माझ्या डॉक्टरांनी तसं बघितलंही होतं. आधी हात मागं घ्यायला लावला. "मागच्या खिशातनं पाकीट काढताय असं समजा." मी म्हटलं, साडीला खिसा कुठला? तेही हसले. "बरं, मागं पदर खोचताय असं समजा." हात असा मागं घेतला की टेंडन ॲक्रोमियनच्या खालनं बाहेर पुढं येतो. हाडातनं ध्वनिलहरी पार जात नाहीत, त्यामुळं हाडाखाली दडलेलं काही दिसत नाही, टेंडनलाच उजेडात बोलवावं लागतं. मग प्रोब तसाच ठेवून हात हळूहळू बाजूनं वर न्यायला सांगितला. खांद्याच्या पातळीला यायच्या जरा आधी चमक आली, आणि पडद्यावर बर्सा हाडाच्या कडेशी गोळा होऊन थबकलेली मी स्वतः बघितली. सगळ्या तपासण्यांत हा एवढाच क्षण असा की दुखणं आणि चित्र एकाच वेळी एकाच जागी होते. डाव्या हाताला तसं काही झालं नाही. तो सरळ वर गेला, फाटक्या टेंडनसकट.

बापूचं पुढचं म्हणणं मात्र टर्नरचं. हाड वाकडं असेल, खाली घासत असेल, तर घासणारा भाग उतरवून टाकायचा. त्यात एवढा विचार कसला? अमेरिकेतल्या चार्ल्स नीअर ह्या सर्जननं १९७२ मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं. ॲक्रोमियनची पुढची कड छाटायची, फट मोकळी करायची. पुढं त्यानं असंही मांडलं की रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या गोळ्याभोवतीचा टेंडनांचा पट्टा, फाटतो तो जवळजवळ प्रत्येक वेळी ह्या घासण्यानंच. नंतर हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतनं व्हायला लागली आणि जगभर लाखो खांद्यांची हाडं घासली गेली. मग २०१८ मध्ये ब्रिटनमधली बत्तीस रुग्णालयांतली चाचणी लॅन्सेटमध्ये छापून आली. काही रुग्णांची खरोखर हाडाची कड घासली, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बघितलं आणि बाहेर काढली, काहींना शस्त्रक्रियाच केली नाही. हाड घासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले, यांच्या दुखण्यात पुढं फरक निघाला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोघं थोडे बरे होते, पण तो फरकही रुग्णाला जाणवावा एवढा नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधल्या चाचणीतूनही तसंच आलं. बापूला मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. "म्हणजे घासत न्हवतंच काय?" एवढंच म्हणाला. घासत असेलही. पण दुखण्याचा सगळा हिशेब तेवढ्या फटीत मावत नाही, असं आता तज्ज्ञही म्हणतात. मला स्वतःला बापूच्या तर्काचा मोह अजून सुटलेला नाही. चित्रात वाकडं दिसलं की सरळ करावंसं वाटतंच. शिवाय तो ॲक्रोमियनचा आकार तरी किती पक्का? तीच फिल्म दोन डॉक्टरांना दाखवली तर एक सपाट म्हणतो, दुसरा वाकडा.

आमच्या घरात खांद्याचा पहिला फोटो निघाला तो आबांचा, माझ्या वडिलांचा. तेव्हा एक्स-रे कुणी म्हणत नव्हतं. सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊन फोटो काढून आला, एवढंच. आबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हमाल होते. गुळाचा रवा तीस किलोचा, कापडात गुंडाळलेला, उन्हानं जरा पाझरणारा. उजव्या खांद्यावर टॉवेलची घडी, तिच्यावर रवा, मान डावीकडं कललेली. दिवाळीच्या पाडव्याला सौदे सुरू झाले की पुढं होळीच्याही पलीकडं हाच उद्योग. घरी आले की त्यांच्या अंगाला गुळाचा वास यायचा आणि मुंग्या त्यांच्या टॉवेलाचा माग काढत यायच्या. पाठपोट एक झालेल्या त्या माणसाचा उजवा हात एका वर्षी वर जाईनासा झाला. आधी गल्लीतल्या तालमीतल्या वस्तादांकडं गेले. वस्ताद कुस्तीगिरांचे खांदे बसवण्यात वाकबगार. तेल जिरवून, अंगठ्यानं शिरा चोळून, हात खेचून त्यांनी आबांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत बरं केलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग फोटो. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडं धरली आणि म्हणाले, "हाड एकदम चांगलं आहे. फोटोत काही नाही."

खरं बोलले ते. १८९५ मध्ये रंटगेननं क्ष-किरण शोधले तेव्हापासून त्यांना हाड दिसतं, टेंडन दिसत नाही. फाटलेला टेंडन हा साध्या फोटोत नुसता करडा धुरळा. फट फारच कमी झाली, गोळा वर सरकला, टेंडनमध्ये कॅल्शियम साठलं, तरच काही संशय. सोनोग्राफीनं खांदा बघायला जगात तेव्हा नुकती सुरुवात होत होती, आणि एमआरआय आमच्या बोलण्यात यायला अजून खूप वर्षं होती. पण "फोटोत काही नाही" ह्या शब्दांचा अर्थ प्रत्येकानं आपापला घेतला. आईनं देवाला हात जोडले. अडतीवरच्या मुकादमानं फिल्मचा लिफाफाही उघडला नाही. "फोटोत काय न्हाई म्हणं?" विचारलं, हसला आणि रव्याकडं बोट केलं. आबा कामाला लागले, डाव्या खांद्यावर. काही महिन्यांनी परत उजव्यावर. घरात तर ती म्हणच होऊन बसली. आमच्यापैकी कुणाच्या पोटात शाळेच्या वेळेला दुखायला लागलं की आई म्हणायची, "फोटोत काय न्हाई, ऊठ." सगळे हसायचे. आबा हसायचे नाहीत. सदरा घालताना ते दुखरा हात आधी बाहीत घालायचे, मग दुसरा, काढताना उलटं. हे मी तेव्हा रोज बघत होते आणि मला काही कळत नव्हतं. आता स्वेटर घालताना माझा हात आपोआप तसाच जातो.

ती फिल्म खाकी लिफाफ्यात ट्रंकेत होती. १९८० च्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण झालं तेव्हा बाहेर आली. खग्रास पट्टा खाली कर्नाटकातनं जाणार होता, पण आमच्याकडंही सूर्य बराचसा झाकला जाणार होता. दुपारी रस्ते ओस, दारं बंद, गरोदर बायकांना तर उठून पाणी प्यायचीही बंदी. आम्ही पोरं आईचा डोळा चुकवून परड्यात गेलो आणि आबांच्या खांद्यातनं सूर्य बघितला. हाडाच्या पांढऱ्या भागातनं बघितलं तर डोळे दिपायचे, त्यामुळं खांद्याच्या बाहेरचा जो काळाकुट्ट भाग होता तिथनं बघायचं. फिल्म हातोहात फिरत होती. एक्स-रे फिल्ममधनं ग्रहण बघणं डोळ्यांना घातक असतं, हे मी पुढं शिक्षिका झाल्यावर मुलांना दरवेळी बजावून सांगितलं, आणि दरवेळी ती चंद्रकोरीएवढी उरलेली तांबूस कड आठवत होती. आबांचं टेंडन त्याच फिल्ममध्ये कुठंतरी होतं, आणि त्यातनं आम्ही पंधरा कोटी किलोमीटरवरचा सूर्य बघत होतो.

सोनोग्राफी सेंटरच्या बाहेर बसलं की वय कळतं. माझ्या आजूबाजूला सगळ्या पोरी, पोटं पुढं आलेल्या, हातात पाण्याच्या बाटल्या. शेजारची म्हणाली, "मी सकाळपासनं पाणी पितोय काकू, अजून नंबर नाही. तुमचं काय?" मी म्हटलं, "खांदा." तिला हसू आवरेना. समोर लाल अक्षरांतली पाटी, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. कायदा १९९४ चा. पण पाटी लावून काय होतंय, हे कोल्हापूरला चांगलं माहीत आहे. २००१ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८३९. पुढं लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं यंत्र जोडायची सक्ती झाली, म्हणजे मशीनवर काय बघितलं त्याची नोंद राहील. (हे देशमुख मराठीतले लेखकही. २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.) रेडिओलॉजिस्टांची संघटना त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये निकाल जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूनं लागला. त्या काळात आमच्या शाळेतही ह्या विषयावर प्रभातफेऱ्या निघाल्या होत्या आणि घोषणा देऊन माझा घसा बसला होता. खांद्यासाठी त्याच यंत्रासमोर बसल्यावर हे सगळं आठवत होतं. यंत्र काळं-पांढरं दाखवतं, ते खरंच असतं. पण खोलीच्या बाहेर आल्यावर ते कुणाच्या हातात पडतं, सासऱ्याच्या की मुकादमाच्या, ह्याची नोंद कुठला ऑब्झर्व्हर ठेवणार?

आणि खरं तरी किती? माझ्या तपासणीत मध्येच उजव्या टेंडनमध्ये एक काळा डाग आला. माझा श्वास अडकला. डॉक्टरांनी मनगट केसाएवढं वळवलं, डाग गेला. परत वळवलं, परत आला. "हा खोटा," म्हणाले. "प्रोब तिरका झाला की धडका टेंडनही काळा दिसतो. सरळ धरल्यावरही राहिला तर खरा." एमआरआयला ह्याच्या उलट खोड असते म्हणे. चुंबकाच्या रेषेशी टेंडन साधारण पंचावन्न अंशांत आला की धडधाकट असून पांढरा चमकतो आणि आजारी वाटतो. सुप्रास्पायनेटसला तर तिथंच वळण असतं. बघणाऱ्याला हे माहीत असावं लागतं. डाव्याचा डाग मात्र मनगट कसंही वळवलं तरी गेला नव्हता. तो खरा.

रिपोर्ट वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी डावा खांदा दुखायला लागला.

मी थापा मारत नाही. बाजारातनं येताना डाव्या खांद्यावर पिशवी अडकवली आणि आत काहीतरी ओढल्यागत झालं. रात्री डाव्या कुशीवर वळले आणि वाटलं, आता उरलेला फाटेल. त्या खांद्याला मी तोवर कधी विचारात घेतलं नव्हतं, तो बिचारा निमूट पिशव्या वाहत होता, आणि आता दर तासाला मी त्याच्याकडं संशयानं बघत होते. बापूची लेक आली तेव्हा मी तिला आधी डावाच दाखवला. तिनं हात धरून दाबून बघितलं, ताकद तपासली. "आत्ती, ह्याला काय झालंय? चांगला आहे की." मी रिपोर्ट पुढं केला. मग तिनं मला दोन अभ्यास सांगितले. १९९५ मध्ये अमेरिकेत खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ माणसांचे एमआरआय काढले होते. ३४ टक्क्यांच्या टेंडनला टेअर निघाला, आणि साठीच्या पुढच्यांत तर ५४ टक्के. २०११ मध्ये चाळीस ते सत्तर वयाच्या, खांदा न दुखणाऱ्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली. ९६ टक्क्यांत काही ना काही सापडलं. "केस पिकतात तसं असतंय काही काही," म्हणाली, "फक्त आतलं असल्यामुळं आरशात दिसत नाही." मग बोट रिपोर्टाच्या तळाशी ठेवलं. तिथं बारीक टायपात इंग्रजीत एक ओळ असते, प्रत्येक रिपोर्टावर असते, आपण कधी वाचत नाही: लक्षणांशी पडताळून पाहावे. म्हणजे रेडिओलॉजिस्ट सांगतो की बाबांनो, मी सावली बघितलीय, माणूस तुम्ही बघा. मला एकदम आबांचा खाकी लिफाफा आठवला. त्याच्यावर अशी ओळ नव्हती, आणि असती तरी मुकादमाला ती वाचायची नव्हती.

डावा हळूहळू दुखायचा थांबला. कधी, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

एमआरआयचं मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता नको, तीन महिने व्यायाम करा, नाही कमी आलं तर बघू. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, "एमआरआय न काढता कसं काय औषध देतात?" आपल्याकडं तपासणी जेवढी महाग तेवढा डॉक्टर खरा. पण मी एमआरआयच्या विरोधात नाही. माझी शाळेतली मैत्रीण पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटावर शेवाळावरनं घसरली, हात टेकला, आणि त्या क्षणापासून तिचा हात बाजूनं वर उचलेचना. दुखणं सोडा, ताकदच गेली. तिला डॉक्टरांनी त्याच आठवड्यात एमआरआयला पाठवलं. मी बरोबर होते. तिचं मंगळसूत्र, बांगड्या, केसातले आकडे आणि पदराच्या सगळ्या पिना माझ्या रुमालात बांधून मी बाहेर बसले, आतनं ठोकल्याचे आवाज येत होते. टेंडन पूर्ण तुटला होता आणि आत ओढला गेला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्नायू अजून शाबूत होता. फार दिवस गेले की स्नायूत चरबी भरते, मग शिवूनही उपयोग होत नाही, आणि ते एमआरआयला नीट कळतं. तिची शस्त्रक्रिया वेळेत झाली. तिच्या खांद्याला विचारायचा प्रश्न वेगळा होता, चित्रानं त्याचं उत्तर दिलं. माझ्याबाबतीत उत्तर आधीच माहीत होतं, व्यायाम. चित्रानं त्यात बदल होणार नव्हता.

व्यायाम कंटाळवाणे. टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा सैल सोडून झुलवायचा. हे बॉस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जननं सुचवलं, त्यानं १९३४ मध्ये नुसत्या खांद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ऑपरेशन केलेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढं काय झालं हे रुग्णालयांनी मोजावं आणि जाहीर करावं, हा त्याचा दुसरा हट्ट; त्यापायी त्यानं वरिष्ठांशी भांडण घेतलं. असा माणूस मला आवडतो. मग रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून कोपर अंगाला चिकटवून बाहेर ओढायचं. खवाटे मागं आवळायचे. बापूची लेक व्हिडिओ कॉलवर बघते आणि ओरडते, "आत्ती, खांदा कानाकडं न्यायचा नाही!" चटणीची बरणी आता खालच्या फळीवर आहे, उचलता येते तरी तिथंच ठेवलीय. उजवा पुष्कळ बरा आहे. परत सोनोग्राफी केलेली नाही, त्यामुळं आतली सूज गेली की नाही ते ठाऊक नाही.

आबांची लक्षणं मी तिला एकदा सविस्तर सांगितली. रात्रीची ठसठस, भिंतीवर बोटं चढवत चढवत हात वर नेणं, वर गेलेला हात मध्येच गळून पडणं. ती म्हणाली, "टेअर असणार, आत्ती. आज सोनोग्राफी केली असती तर दिसला असता." मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी आबांच्या बाजूनं साक्ष दिली. मी लगेच आईला सांगायला गेले. आई ऐंशीला आली, कानानं कमी ऐकते, तिला दोनदा सांगावं लागलं: फोटोत काही नव्हतं, पण खांद्यात होतं; आताचं मशीन असतं तर कागदावर लिहून मिळालं असतं. आई शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आणि तो कागद मुकादमाला दावला असता तर?"

मी म्हटलं, "तर काय?"

"तर घरी बसवला असता. दुसरा हमाल दारातच उभा असायचा." टरफलं सुपात एका बाजूला केली. "बरं झालं दिसलं न्हाई. त्या साली घरावर कौलं घालायची होती."